लाल गोलातला ळ

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सरळ सांगता येईल. साठच्या दशकाच्या मध्यावर नागपुरात भरलेल्या एका मोठ्या वृंदगान स्पर्धेत आमच्या 'एककंठ' या गायकवृंदाचा पहिला क्रमांक एका अक्षरामुळे गेला. 'आभाळ' या शब्दातला ळ कुणीतरी य म्हणून गायलं आणि सभागृहात हशा पिकला. ते कुणीतरी म्हणजे बळीराम काळबांडे, असं सगळ्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. ते कुणीतरी मी होतो. मी तेव्हा बोललो नाही. पुढची जवळजवळ वीस वर्षं बोललो नाही... आणि त्या वीस वर्षांत दर रविवारी सकाळी त्याच बळीरामच्या खांद्याला खांदा लावून गात राहिलो.

बळीराम गेल्याला आता दीड महिना होईल. ऑफिसात मी नुकताच येऊन बसलो होतो, पंखा सुरू केला होता, तेवढ्यात साहेबांच्या टेबलावरचा फोन माझ्यासाठी आहे म्हणून शिपायाने बोलावलं. पलीकडे त्याची मुलगी शोभा होती. खापरखेड्याच्या पॉवर हाउसच्या वसाहतीतल्या शाळेत ती शिकवते. "काकाजी, बाबा गेले," ती म्हणाली. मग तिने सांगितलं, "सकायी चहा घेतला. अंगणात खुर्चीवर बसून गुणगुणत होते. मी आत गेली अन् आवाज बंद झाला..." शिक्षिका आहे ती, एरवी अगदी पुस्तकी बोलते. पण त्या दिवशी तिच्या तोंडून 'सकायी' आलं, आणि मला हातातला फोन जड झाला.

तेरवीच्या दिवशी तिने मला एक वही दिली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, एककंठाच्या गाण्यांची वही. "बाबा म्हणायचे, हे दिवाकरले द्या." ती वही सध्या माझ्या टेबलावर आहे. तिच्याबद्दल नंतर लिहितो.

एककंठ हे नाव आज चाळिशीच्या पुढच्या नागपूरकरांना सांगावं लागणार नाही. शहरात मोठा समारंभ असला की सुरुवातीला आमचं गाणं असायचंच. बायका-पुरुष मिळून तीसेक गळे, एक पेटी, एक तबला, आणि समोर तात्यासाहेब. ते एका शाळेत संगीत शिकवायचे आणि त्याच शाळेच्या हॉलमध्ये, सक्करदऱ्याच्या तलावापासून थोड्या अंतरावर, आमची तालीम व्हायची. तिथेच मी बळीरामला पहिल्यांदा पाहिलं. खाकी पँट, बाहेर काढलेला पांढरा सदरा, हातात जेवणाचा डबा. पॉवर हाउसची पाळी संपवून, छोट्या रुळांच्या गाडीने इतवारी स्टेशनला उतरून, तिथून चालत आला होता. तात्यासाहेबांनी नाव विचारलं. तो सरळ उभा राहून म्हणाला, "बयीराम कायबांडे जी."

पोरी पदर तोंडाला लावून हसल्या. पुरुषही हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, आणि याचं कारण तेव्हा त्या हॉलमध्ये मला एकट्यालाच ठाऊक होतं. माझ्या वडिलांची लकडगंजला लाकडाची लहानशी वखार होती. आई उमरेडकडची. आमच्या घरात डोळ्याला डोया म्हणत, काळ्याला काया म्हणत, आणि मी शाळेत जाईपर्यंत जगात याला दुसरा काही उच्चार असेल असं मला वाटलंही नव्हतं. शाळेत मास्तरांनी फळ्याजवळ उभं करून सगळ्या वर्गासमोर 'बाळ', 'काळ', 'माळ' म्हणायला लावलं ते मी विसरलो नाही. महिन्याभरात मी ळ शिकलो. तेव्हापासून माझ्या दोन जिभा झाल्या, एक घरातली आणि एक बाहेरची. घरातली जीभ मी बाहेर कुणाला कधी दाखवली नाही. एककंठातल्या कुणालाही मी घरी नेलं नव्हतं.

तात्यासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पेटीवर खालचा सा धरला आणि बळीरामला लावायला सांगितला. त्याने लावला... आणि हॉलमधला हशा थांबला. खाली इतका भरदार, इतका स्थिर आवाज मी तोवर ऐकला नव्हता. जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीतून तो पायांना जाणवत होता.

"हा आवाज कुठून आणलास?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"पॉवर हाउसातून जी. दिवसभर मशीनजवळ उभा राह्यतो. तिचा एकच सूर असते. थो कधी उतरत नाही, मंग मीबी उतरत नाही."

"ळ मी तुला शिकवीन," तात्यासाहेब म्हणाले. "हा आवाज मला कुणाला शिकवता येणार नाही. बस तिकडे, दिवाकरच्या शेजारी."

असा तो माझ्या डाव्या हाताला येऊन बसला, तो कायमचाच.

ळ शिकायला त्याने एक वर्ष घातलं. गाडीत बसला की जीभ टाळूला उलटी लावून म्हणत राहायचा, नळ, गूळ, केळी, जांभूळ. एकदा तालमीला आला तो हसतच. म्हणाला, "आज गाडीत मी आपला 'केळी, केळी' करून राहिलो होतो, त एक बाई जवय येऊन म्हनते, कशी देल्ली गा केयी? मी म्हनलं, बाई, विकाची नाही वं, शिकाची आहे!" आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. आपल्यावर असं मोकळं हसता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला ते कधीच जमलं नाही.

वृंदगानात एक युक्ती असते. लांब धरलेला सूर तुटू नये म्हणून शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा. एक घेतो तेव्हा दुसऱ्याने सोडायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हे लोक श्वासच घेत नाहीत. माझी आणि बळीरामची अशी जोडी होती. काही महिन्यांतच आम्हाला एकमेकांकडे बघायचीही गरज उरली नाही. मी छाती भरली की ते त्याला खांद्यातून समजायचं. तो म्हणायचा, "तुह्या बायकोलेबी तुहा श्वास इतका मालूम नसन, जेवढा मले मालूम आहे."

मग ती स्पर्धा आली. राज्यातून वृंद आले होते. आम्ही तात्यासाहेबांनीच रचलेलं गाणं म्हणणार होतो. त्याच्या शेवटी वाद्यं थांबत, सगळे गळे थांबत, चार मात्रा पूर्ण शांतता, आणि मग आम्ही खालच्या सुरातले सहा पुरुष एकच शब्द म्हणत असू, 'आभाळ'. गाणं तिथेच संपायचं. सहा जणांमध्ये एकच माइक होता आणि तो माझ्या अगदी तोंडासमोर होता. बळीरामचा ळ तोवर इतका पक्का झाला होता की तात्यासाहेब आम्हालाच त्याचं उदाहरण देत.

गाणं सुरेख रंगलं. वाद्यं थांबली. एक... दोन... आणि मला तिसऱ्या रांगेत आई दिसली. मी तिला बोलावलं नव्हतं. शेजारणीबरोबर ती आपली आपण आली होती, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. माझं गाणं तिने त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. ती माझ्याकडे पाहत होती, तिचे ओठ किंचित हलत होते, जणू माझ्या घशातलं गाणं तिथून ओढून काढत होती. तीन... चार... आणि मी तिच्याकडे पाहत, घरातल्या जिभेने म्हणालो, 'आभाय'.

शेजारून बळीरामचा ळ आला होता, स्वच्छ. बाकीच्या चौघांचाही. पण माइकजवळ मी होतो. मग मागून एक पोरगा ओरडला, "आभाय! आभाय!" आणि हॉलभर हशा उसळला.

रंगपटात तात्यासाहेब आले ते पांढरे पडलेले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. ते थेट बळीरामसमोर उभे राहिले. "बळीराम, वर्षाची मेहनत एका अक्षरात घालवलीस."

बळीरामने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी बुटांचे बंद बांधत होतो... बंद सुटलेले नव्हते. मग मला त्याचा आवाज ऐकू आला, "चुकलं जी."

तात्यासाहेब वाईट माणूस नव्हते, हे मला इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. त्यांना खोटी माहिती कुणी दिली असेल तर ती माझ्या गप्प बसण्याने. पुढच्या तालमीला त्यांनी बळीरामची वही मागून घेतली आणि लाल पेन्सिलने 'आभाळ'मधल्या ळभोवती गोल काढला. "असे गोल सगळ्या गाण्यांत काढ. जिथे गोल असेल तिथे तोंड मिटायचं. बाकी सगळं गा." मग ते माझ्याकडे वळले. "दिवाकर, तुझे उच्चार स्वच्छ आहेत. यापुढे शेवटचा शब्द तू एकट्याने म्हणायचा."

मी "बरं" म्हणालो. यापेक्षा जास्त लाजिरवाणी गोष्ट मी आयुष्यात केली नसेल, असं वाटेल. पण मी केली होती, स्पर्धेच्या दिवशीच, घरी. आई चुलीपुढे बसली होती. मला वाढताना म्हणाली, "लोक काहून हासले गा? मले त लई बेस वाटलं. कोन होता थो? आपल्यासारखं म्हनला." मी म्हणालो, "होता एक. खेड्यातला." ती म्हणाली, "गोड म्हनला बापा."

यापुढची वर्षं एककंठाच्या भरभराटीची. आम्ही विदर्भभर गायलो, पुण्या-मुंबईला गायलो, रेडिओवर गायलो. माझा शेवटचा एकट्याचा शब्द प्रसिद्ध झाला. सीताबर्डीच्या बाजारात मला लोक हात करून 'आभाळवाले' म्हणून हाक मारत, आणि मी हात वर करून हसत असे. आणि शेजारी बळीराम लाल गोल आला की ओठ मिटत असे. पण त्याने एक केलं होतं, ते तात्यासाहेबांनी सांगितलेलं नव्हतं. ओठ मिटले तरी तो सूर सोडत नसे. आतल्या आत, मिटल्या तोंडाने, तो सूर तसाच घुमवत ठेवायचा. त्यामुळे आमच्या वृंदाच्या ळला एक वेगळंच वजन आलं. दुसरे वृंद विचारायला येत, तुम्ही ळ कसा काढता हो? आमच्याने तसा निघत नाही. तात्यासाहेब अभिमानाने सांगत, "रियाज." बळीराम डबा उघडून आलूबोंडा खात बसलेला असायचा. मला एक देत म्हणायचा, "घे गा, रियाज खा."

माझी आई गेली तेव्हा तो खापरखेड्याहून भर उन्हात सायकल मारत आला. आम्ही ओसरीवर बसलो. मग म्हणाला, "तुहं गानं पयल्यांदा ऐकाले आली होती ना माय त्या दिवशी. हिरव्या लुगड्यात. मी पाह्यलं तिले."

मी चटईचा कोपरा सरळ करू लागलो.

"लोक हासले, त ते इकडे-तिकडे पाहून राह्यली होती. तिले समजतच नव्हतं काहून हासले. मी म्हनलं, आपल्या पोरावर हासले हे तिले नको समजाले..." तो थांबला. "माह्यी माय त गावी होती. मले काय फरक पडते?"

त्याला पहिल्यापासून माहीत होतं. अर्थातच माहीत होतं, माझा श्वास ज्याला खांद्यातून समजत होता त्याला माझा य समजला नसता कसा? त्या क्षणी मी त्याचे पाय धरायला हवे होते. मी उठलो आणि म्हणालो, "चहा आणतो." आणि आत जाऊन पाण्याच्या माठाजवळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा तो शेजारच्या पोरांना मशीनच्या सुरात काहीतरी गुणगुणून दाखवत होता. तो विषय पुन्हा त्याने काढला नाही. मी तर नाहीच. तात्यासाहेब थकले, गेले. त्यांची शिष्या मंदाताई वृंद चालवू लागली. आता मला भीती कुणाची होती? कुणाचीच नाही. फक्त मी 'आभाळवाला' होतो आणि मला ते सोडवत नव्हतं.

अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाल्यावर बळीराम पॉवर हाउसमधून निवृत्त झाला. त्याच महिन्यात त्याने मंदाताईला सांगितलं की एककंठातूनही तो आता निवृत्त होतो. "श्वास पुरत नाही बाई. माह्यामुयं जोडीदाराचा सूर तुटाले नको." मंदाताईने ठरवलं, याला असंच जाऊ द्यायचं नाही. आमच्यापैकी कुणाच्याही नशिबी आला नव्हता असा सोहळा तिने त्याच्यासाठी आखला. हिवाळ्यातली रविवारची सकाळ, शहरातला मोठा हॉल, आणि शेवटी तेच जुनं गाणं.

हॉल इतका भरेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. खापरखेड्याहून त्याचे सोबती ट्रक भरून आले होते. धुतलेले कपडे, भांगातून ओघळणारं तेल, आणि गाण्याच्या कार्यक्रमाला शोभणार नाही असा आरडाओरडा. बळीराम रंगमंचावर आला तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारल्या. त्याची बायको आणि शोभा पहिल्या रांगेत होत्या. मंदाताईने त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ ठेवला आणि म्हणाली, "शाल-श्रीफळ देऊन आपण बळीरामदादांचा सत्कार करत आहोत." त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माइकजवळ आला, नारळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंदाताई, शाल घेतो. पन श्रीफय कसं घेऊ जी? त्यात ळ आहे. ळ आला की आपल्याले तोंड मिटाचा हुकूम आहे!"

हॉल कोसळला हसून. तीच बोली, तेच अक्षर, पण हे हसणं निराळं होतं. लोक त्याच्यासोबत हसत होते आणि तो नारळ उंच धरून उभा होता. जिंकून आलेला पहिलवान जसा उभा राहतो तसा. मी मागे उभा राहून टाळ्या वाजवत होतो आणि माझ्या खिशात चार पानी भाषण होतं.

सर्वांत जुना सहकारी म्हणून बोलायचा मान माझा होता. आठवडाभर खपून मी ते लिहिलं होतं. तीन पानं त्याच्या आवाजाबद्दल, त्याच्या नेमाबद्दल. चौथ्या पानावर मी खरं लिहिलं होतं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. टाळ्या येत होत्या. मी चौथं पान उलटलं, पहिलं वाक्य डोळ्यांसमोर आलं... आणि मी म्हणालो, "असा हा आमचा बळीराम." पान घडी करून खिशात ठेवलं आणि जागेवर गेलो. बळीरामने हळूच माझ्या हातावर थाप मारली. "बेस बोलला गा." मला ती थाप भाजली.

मग शेवटचं गाणं. आम्ही अर्धवर्तुळात उभे राहिलो. बळीराम माझ्या डावीकडे, नेहमीच्या जागी, समोरच्या लाकडी घोडीवर त्याची वही उघडी. मला इतक्या वर्षांत त्या वहीकडे बघायचं धाडस झालं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. पानभर लाल गोल. एकेक गोल पुन्हा पुन्हा गिरवून गडद केलेला, नव्या गाण्यांतही, ज्यांच्या तालमीला तात्यासाहेब कधी नव्हतेच. हुकूम देणारा माणूस जगात नव्हता, तरी हा दर नव्या गाण्यात लाल पेन्सिल घेऊन बसत होता. का? कारण एका जागी जरी त्याने ळ म्हटला असता, तरी कुणीतरी विचारलं असतं, अरे, तुझा तर अजून पक्का आहे! मग त्या दिवशी कोण चुकलं होतं?... माझ्यासाठी तो गोल काढत होता.

गाणं चढत गेलं. बायकांचे सूर वर गेले, वाद्यं थांबली, सगळं थांबलं. चार मात्रांची शांतता. दुसऱ्या मात्रेला मी श्वास घ्यायचा, हे वीस वर्षांचं ठरलेलं.

मी श्वास घेतला नाही.

मुद्दामच घेतला नाही. भाषणात जे जमलं नाही ते असं जमेल असं त्या एका मात्रेत मला वाटलं. पण पुढे काय होणार ते माझ्या हातात नव्हतं. बळीरामनेही ओठ मिटलेले ठेवले तर? तर त्याच्या निरोपाचं गाणं भर हॉलसमोर एका रिकाम्या जागेवर तुटणार होतं, आणि ते पुन्हा माझ्याचमुळे.

त्याला समजलं. त्याच्या खांद्याला माझा श्वास आला नाही, आणि त्याने मान न वळवता डोळा तिरपा करून माझ्याकडे पाहिलं. तिसरी मात्रा. समोर लाल गोल. मला त्याची छाती भरताना ऐकू आली, वीस वर्षांत त्या जागी जी कधी इतकी भरली नव्हती ती. चौथी मात्रा संपली आणि बळीराम काळबांडे गायला, 'आभाळ'.

तो आवाज मी कसा लिहू? त्या गाडीतले नळ आणि गूळ आणि केळी, मशीनचा कधी न उतरणारा सूर, मिटल्या ओठांआड इतकी वर्षं घुमवलेला प्रत्येक ळ, हे सगळं त्या एका अक्षरात बाहेर आलं. जीभ टाळूला लागली आणि सुटली ती घंटेवर टोला पडावा तशी. आणि तो थांबला नाही. श्वास पुरत नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने तो सूर इतका लांब धरला की मंदाताईचा हात हवेतच राहिला. आवाज संपला. मग खापरखेड्याच्या रांगांमधून एक जण उभा राहून ओरडला, "वा रे बयीराम!" आणि सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, 'वन्स मोअर'. शोभा आईच्या गळ्यात पडून रडत होती. बळीराम गोंधळून हात जोडत होता आणि मध्येच मला म्हणत होता, "हे काय केलं गा तू? आधी सांगाचं त होतं!"

वन्स मोअरला तो काय गायला ते आत्ताच सांगतो, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचं आहे. दुसऱ्यांदा चार मात्रांची शांतता आली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला आणि आम्ही दोघांनी मिळून, अगदी मोठ्याने, 'आभाय' म्हटलं. पहिल्यांदाच मी ते लोकांसमोर हवं म्हणून म्हटलं. कुणी हसलं नाही. मागच्या रांगांमधले लोक आमच्याबरोबर ते म्हणू लागले, मंदाताई म्हणू लागली, आणि सगळा हॉल 'आभाय' गात होता. इतकं मोठं आभाळ मी पुन्हा ऐकलं नाही.

शोभाने दिलेली वही मी परवा पहिल्यांदा नीट चाळली. सगळे गोल जागच्या जागी आहेत. फक्त त्या गाण्याच्या पानावर, शेवटच्या शब्दावर, गोल नाही. खोडरबराने तो इतका घासला आहे की तिथला कागद पातळ झाला आहे, उजेडात धरला तर आरपार दिसतं. ळ तसाच ठेवला आहे, आणि त्याच्या शेजारी, त्याच्या बारीक अक्षरात, शिसपेन्सिलने य लिहिला आहे. दोन्ही अक्षरं शेजारी-शेजारी उभी आहेत. मी ते पान उघडं ठेवतो आणि ऑफिसला जाण्याआधी एकदा बघतो. बघताना माझा श्वास आपोआप थांबतो, त्याने घ्यावा म्हणून.

तो गोल त्याने त्या दिवशी घरी जाऊन खोडला असणार. कारण दोन वेळच्या गाण्यांच्या मध्ये, टाळ्या चालू असतानाच, मी माइकजवळ गेलो होतो. बळीरामने ओळखलं. त्याने माझा सदरा मागून धरला. "काहून गा? राहू दे ना आता. किती झाले वर्सं..." मी त्याचा हात सोडवला. खिशातलं चौथं पान काढलं आणि परत ठेवून दिलं, कारण ते बाहेरच्या जिभेने लिहिलं होतं. हॉल शांत झाला. तिसऱ्या रांगेत कुणीतरी अनोळखी बाई बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि आईशी बोलत असे तसं बोललो.

"बयीराम, त्या दिवशीचा थो 'आभाय' तुहा नव्हता गा. माहा होता. माह्या मायची बोली माह्या तोंडात आली, अन् मले तिची लाज वाटली, अन् ते लाज मी तुह्या डोक्यावर ठेवली. इतके वर्सं तू ते मुकाट्यानं वाह्यली. मायले मी सांगितलं, थो खेड्यातला एक होता. थो मीच होतो, माय. बयीराम, मी चुकलो. मले माफ कर गा."